पाचशे ऐंशीची जोडी

मिस्त्रींच्या घरात पडदे कधी पुरले नाहीत. खिडकीचे माप घ्यावे, चिठ्ठीवर लिहावे, दुकानातून शिवून आणावे, आणि दांडीवर चढवून बघावे तर खालून दोन बोटे उजेड आत येतोच आहे. गादी करून आणली तर पलंगाच्या पायथ्याशी फट. कपाटाच्या खणावर बसवायला काच आणली तर तीही अंग चोरून बसलेली. सुनेने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोनदा पडदे बदलले आणि मग तो नाद सोडला. "आपल्या घराला सगळंच आखूड पडतं," असे तिचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगे. घरात मापे एकच माणूस घ्यायचा, ते म्हणजे मिस्त्री, आणि त्यांच्या मापाला नावे ठेवायची कुणाची छाती नव्हती. चूक असलीच तर ती शिंप्याची, गादीवाल्याची, नाहीतर काचवाल्याची.

मिस्त्री म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षे त्यांनी पोलादाच्या फाउंड्रीत पॅटर्न केले होते. यंत्राचा एखादा भाग ओतायचा तर आधी हुबेहूब तसाच लाकडाचा करायचा, तो वाळूत दाबून ठसा उठवायचा आणि त्या ठशात पोलादाचा रस ओतायचा. त्यातले लाकडाचे काम मिस्त्रींचे. दोन वर्षांपूर्वी फाउंड्रीत पॅटर्न कोरणारे यंत्र आले आणि मिस्त्री घरी आले. निरोपाच्या दिवशी त्यांना मनगटी घड्याळ मिळाले. वेळ बघून आता करायचे काय, हे मात्र कुणी सांगितले नाही.

तेव्हापासून त्यांची हत्यारांची पेटी मागच्या खोलीत बंद होती. वर चादर, चादरीवर जुनी वर्तमानपत्रे. एरवी घरात खिळा ठोकायलाही शेजारून कुणीतरी यायचे आणि मिस्त्री वर्तमानपत्रातून मान वर काढत नसत. सुनेला हे फार लागायचे. ती चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायची. केसाएवढ्या फरकाने माणसाचे डोके दुखते हे तिला ठाऊक होते, आणि हातात कसब असलेला माणूस हात मांडीवर ठेवून बसला की काय होते तेही ती रोज घरात बघत होती.

त्यात कोपऱ्यावर नवे हॉटेल निघाले. हॉटेलवाला हौशी. त्याला भिंतींवर जुनी हत्यारे टांगायची होती, प्रत्येकावर एक छोटा दिवा सोडून. कुणीतरी त्याला मिस्त्रींच्या पेटीचे सांगितले आणि तो एका संध्याकाळी येऊन बसला. रंधे, करवती, पटाश्या, सगळे तो मानाने लावणार होता. मिस्त्री पाच मिनिटांत हो म्हणाले. इथे गंजण्यापेक्षा तिथे जेवता जेवता चार माणसे बघतील तरी, असे त्यांचे म्हणणे.

त्या रात्री सून अर्ध्या जेवणावरून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपले हेलिकॉप्टर घेऊन सासऱ्यांच्या समोर जाऊन बसली.

हे हेलिकॉप्टर म्हणजे तिचे दुसरे सासर, असे नवरा चिडवायचा. नाकापासून शेपटीपर्यंत चार फूट, बॅटरीवर चालणारे, हातातल्या रिमोटने उडवायचे. गावाबाहेरच्या मैदानावर उडवणाऱ्यांचा एक क्लब होता आणि दरवर्षी त्यांची एक स्पर्धा असे. क्लब सगळ्यांना सारखीच बॅटरी देणार. हेलिकॉप्टरखाली दोरीने किलोभर वाळूची पिशवी बांधायची. ते उचलून चुन्याने आखलेल्या वर्तुळावर एका जागी तरंगत ठेवायचे. पिशवी जमिनीला टेकली की घड्याळ थांबले. जो जास्त वेळ तरंगेल तो जिंकला. तीन वर्षे सून भाग घेत होती आणि तीन वर्षे दातांचे डॉक्टर जिंकत होते. डॉक्टरांची पाती परदेशातून यायची, त्यांच्या मांडीवर लॅपटॉप असायचा, आणि बक्षीस घेतल्यावर ते सुनेशी हात मिळवून "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचे. ते इतक्या मनापासून म्हणायचे की त्यांचा धड रागही करता येत नसे.

तिने सासऱ्यांना अडचण सांगितली. सगळा खेळ डोक्यावरच्या दोन पात्यांच्या लांबीचा होता. पाते लांब असले की जास्त हवा कवेत घेते, मग ते सावकाश फिरले तरी वजन पेलते आणि बॅटरी पुरवून पुरवून वापरली जाते. पण फार लांब झाले की मोटरला धाप लागते, ती तापते आणि मशीन आपणहून बंद होते. त्याहून लांब गेले तर पात्याचे टोक शेपटीच्या छोट्या पंख्यावरच आदळते. दुकानात पाचशे पन्नास मिलिमीटरची पाती मिळत, नाहीतर एकदम सहाशेची. पाचशे पन्नासने दम पुरत नव्हता, सहाशेने मोटर भाजत होती. तिला हवी होती ती लांबी मधे कुठेतरी होती, आणि ती कुणी विकत नव्हते.

मिस्त्रींनी पाते हातात घेतले, डोळ्यासमोर आडवे धरून त्याच्या कडेवरून नजर फिरवली. दोन वर्षांत त्यांनी कुठल्याही वस्तूकडे असे बघितले नव्हते.

"लाकडाचं चालेल?" त्यांनी विचारले.

"पूर्वी लाकडाचीच असायची, बाबा."

"मग मधली लांबी म्हणजे काय मोठं? लांब करायचं आणि थोडं थोडं कापत यायचं."

सुनेने मग मनातले बोलून टाकले. त्यांनी जोडी करून द्यायची. त्या जोडीने ती जिंकली तर पेटी घरातच राहील. हरली तर स्पर्धेनंतरच्या सोमवारी हॉटेलवाल्याने खुशाल न्यावी, ती तोंडातून शब्द काढणार नाही. मिस्त्री उठले, पेटीवरची वर्तमानपत्रे खाली ठेवली, चादर काढली आणि तिला फळी आवळायचा शिकंजा धरायला सांगितला.

पुढचे दोन आठवडे त्या घरात लाकडाच्या भुशाशिवाय विषय नव्हता. पुढची कड टणक लाकडाची, मागचा भाग हलक्या लाकडाचा, दोन्ही सरसाने जोडलेले, आणि मग रंध्याने असे तासलेले की बोट फिरवताना जोड कुठे आहे ते कळू नये. दोन पाती जुळी असली पाहिजेत, एक दुसऱ्याहून जड नको. मिस्त्री ती दोऱ्यावर टांगून तोलायचे आणि हलक्या पात्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचे. कानावर पेन्सिल, हातात त्यांची ती जुनी पितळी टोकांची लाकडी पट्टी, आणि तोंडाने अखंड पुटपुट. नवऱ्याने दारातून डोकावून बघितले आणि बाबांचा आवाज इतका मोठा होता हे मी विसरूनच गेलो होतो, असे तो स्वयंपाकघरात येऊन बायकोला म्हणाला. म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते, पण ते त्याने भुशावर ढकलले.

सुरुवात सहाशेपासून झाली. पात्याची लांबी बोल्टच्या भोकापासून टोकापर्यंत मोजायची, हे सुनेने आधीच सांगून ठेवले होते. जोडी मशीनवर चढवली, हाताने हळूच फिरवली आणि टोक शेपटीच्या पंख्याला टक्कन लागले. सून चक्रावली. मशीनच्या पुस्तकात सहाशेपर्यंत चालेल असे छापले होते, आणि दुकानातली सहाशेची पाती तर कधी लागली नव्हती. मिस्त्रींनी पुस्तकाकडे तुच्छतेने बघितले. लाकडाचं टोक जाड असतं, त्यांनी निकाल दिला, आणि करवत घेतली.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती दोघे मैदानावर जायची. एका लांबीला एक उड्डाण. घरी आल्यावर मिस्त्री मागच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहायचे. पाचशे नव्वद, मोटर तापली, तेरा मिनिटांत बंद. पाचशे पंच्याऐंशी, चौदा मिनिटे पंचवीस सेकंद. पाचशे ऐंशी, पंधरा मिनिटे अठरा. त्या दिवशी सून मैदानात अक्षरशः नाचली, कारण डॉक्टरांचा आजवरचा विक्रम पंधरा मिनिटांचा होता. पण मिस्त्री थांबले नाहीत. अजून कापल्याशिवाय हेच सगळ्यात चांगलं हे कळणार कसं, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे होते. पाचशे पंचाहत्तरला वेळ उतरली, पंधरा मिनिटे एक. म्हणजे नेमकी लांबी सापडली होती आणि सापडता सापडता कापून टाकली होती. मिस्त्रींना त्याचे काहीच वाटले नाही. पॅटर्नच्या धंद्यात पहिला नग शिकण्यासाठीच असतो. त्यांनी भिंतीवरच्या पाचशे ऐंशीभोवती गोल काढला आणि नव्या जोडीला हात घातला.

स्पर्धेला आठ दिवस होते. सुनेने रजा टाकली आणि या खेपेस तीही बरोबरीने राबली. तासणे, घासणे मिस्त्रींचे. शेवटची खूण करून टोक कापायचे काम त्यांनी कौतुकाने तिला दिले. तिने मशीनच्या कामासाठी आणलेली आपली मीटरभर स्टीलची पट्टी काढली, भोकापासून पाचशे ऐंशी मोजले, बारीक रेघ मारली आणि डोळ्यात तेल घालून कापले. जोडी इतकी देखणी झाली की नवऱ्याने ती हात धुऊन हातात घेतली.

आणि ती जोडी चौदा मिनिटे छत्तीस सेकंदांत खाली बसली.

दुसऱ्या दिवशी चौदा मिनिटे अडतीस. तिसऱ्या दिवशी चौतीस. सुनेने बॅटरी बदलून पाहिली, मोटर उघडून साफ केली, वाऱ्याला दोष दिला, वाळूची पिशवी तीनदा तोलली. लांबी तीच, लाकूड तेच, हात तेच, मग पाऊण मिनिट गेले कुठे? मिस्त्री भिंतीवरच्या गोलासमोर उभे राहिले आणि आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"हात गेला माझा," ते म्हणाले. "पहिल्या जोडीला होता, दुसरीला नाही राहिला. असंच जातं ते."

ती त्यांची समजूत घालत राहिली, पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी फोन लावला. सोमवारपर्यंत थांबायचे कारण नाही, उद्या सकाळीच पेटी घेऊन जा, असे त्यांनी हॉटेलवाल्याला सांगितले. मग हत्यारे एकेक करून तेलाच्या फडक्याने पुसली, पेटीत लावली आणि झाकण बंद केले. सुनेला रडू आले ते तिने लपवले नाही. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्याने तिला आणखीच रडू आले.

हॉटेलवाला गुरुवारी सकाळी टेम्पो घेऊन आला. हमाल दोन होते. नवऱ्याने त्यांना बसायला सांगून चहा ठेवला, आणि टेम्पोच्या धुराने स्वयंपाकघर भरायला लागले म्हणून खिडकी लावायला गेला. ती खिडकी आपोआप मिटायची, म्हणून तिला गेले काही दिवस त्याने टेकू लावला होता. टेकू कशाचा, तर पहिल्या जोडीतल्या एका पात्याचा. एरवी सुनेने त्याला यावरून फाडून खाल्ले असते. त्याने ते पाते काढून टेबलावर ठेवले, नव्या जोडीच्या शेजारी, आणि खिडकी लावली.

सून चहाचे कप भरत होती. तिची नजर टेबलावर गेली आणि कप भरून वाहिला.

तिने किटली खाली ठेवली. जुने पाते नव्या पात्यावर ठेवले, दोन्ही भोकांतून एक खिळा सारला, म्हणजे कुठे फसवणूक नको, आणि टोकांकडे बघितले. जुने पाते लांब होते. पेन्सिलीच्या जाडीइतके लांब. जे पाते पाचशे पंचाहत्तरपर्यंत कापले होते ते पाचशे ऐंशीच्या पात्याच्या पुढे डोकावत होते.

"बाबा," तिने हाक मारली. "पेटी उचलू देऊ नका. आधी इकडे या."

मिस्त्री आले. बघितले. चष्मा काढून पुसला आणि परत बघितले. सुनेने स्टीलची पट्टी लावून जुने पाते मोजले, पाचशे साडेशहाऐंशी. मिस्त्री मागच्या खोलीत गेले, पेटी उघडली, आपली पितळी टोकांची पट्टी आणली आणि तेच पाते मोजले. पाचशे पंचाहत्तर, अगदी रेघेवर. पाते एक, माणसे दोन, मापे दोन. हॉटेलवाला कप हातात धरून जवळ येऊन उभा राहिला होता. त्याला यातले काही कळत नव्हते, पण काहीतरी जबरदस्त चालले आहे एवढे कळत होते.

सुनेने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. सुरुवातीला रेघा जुळत होत्या. पुढे पुढे मिस्त्रींच्या रेघा हळूहळू पुढे सरकत गेल्या आणि पाचशेवर पोचेपर्यंत पुरते एक सेंटीमीटर अंतर पडले होते.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मग ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवून, मग खुर्चीचा आधार घेऊन. मुलगा घाबरून पाणी घेऊन धावला.

"अगं, ही फाउंड्रीची पट्टी आहे," ते कसेबसे म्हणाले. "पोलाद थंड होताना आकसतं. शंभराला दोन. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. दर वेळी कोण हिशेब करत बसणार? म्हणून आमच्या पट्टीवर रेघांमधलं अंतरच मुळात शंभराला दोन मोठं असतं. चाळीस वर्षं हीच वापरली. दुसरी पट्टी घरात होती कुठे?"

नवऱ्याने खिडकीकडे बघितले. खिडकीवरच्या पडद्याखालून दोन बोटे उजेड येत होता. रेघा लांब लांब असल्या की मोजलेला आकडा कमीच भरणार. त्याने गादी आठवली, कपाटाची काच आठवली, आणि तोही मटकन खुर्चीत बसला.

"म्हणजे शिंप्याला मी पंधरा वर्षं शिव्या दिल्या त्या फुकट," तो म्हणाला.

सुनेला हसूही येत होते आणि अंगावर काटाही येत होता. पुस्तक खरे होते, सहाशे लागलेच नसते. टोक आदळले ते सहाशेबाराचे. आणि भिंतीवरचा तो गोल, ते पाचशे ऐंशी, खऱ्या मापाने पाचशे एक्याण्णवच्याही वर होते. तिने आपल्या पट्टीने कापले तेव्हा अकरा मिलिमीटर उडवले होते. ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, हात कुठेही गेलेला नाही. पट्टी तेवढी दुसरी होती."

मिस्त्री आपली बोटे उघडझाप करून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते बघून सुनेने मान दुसरीकडे वळवली. असला आनंद माणसाचा त्याला एकट्याला भोगू द्यावा.

जुनी जोडी उडवण्यात अर्थ नव्हता. एकतर ती कमी पडणारी, त्यात खिडकीत उन्हाने एका पात्याला पीळ बसलेला. नवी छोटी जोडी वाढवता येत नाही. नवीनच करायला हवी होती, आणि हाताशी तीन दिवस होते. फळी मात्र संपली होती. मिस्त्रींनी स्वयंपाकघरात सभोवार नजर फिरवली आणि ती डब्यांच्या शेल्फवर येऊन थांबली. ते शेल्फ त्यांनीच केले होते, तीस वर्षांपूर्वी, फाउंड्रीत उरलेल्या लाकडाचे. एवढे वाळलेले लाकूड बाजारात शोधून सापडले नसते. हमाल रिकामेच होते, त्यांनी हौसेने डबे खाली उतरवले. मिस्त्रींनी हॉटेलवाल्याला सोमवारी यायला सांगितले. तो जाताना मोकळा टेम्पो बघून हळहळला नाही, उलट रविवारी स्पर्धा किती वाजता आहे ते विचारून गेला.

पुढची कड हॉटेलवाल्याच्याच खुर्चीच्या तुटक्या, मागच्या लांब पायातून निघाली, त्याने तो मुद्दाम पाठवून दिला होता. सरस एक दिवस वाळला. शनिवारी दुपारी शेवटची खूण करायची वेळ आली तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी मोजले. मिस्त्रींनी आपल्या पट्टीने पाचशे ऐंशी, सुनेने आपल्या पट्टीने पाचशे एक्याण्णव आणि वर अर्ध्याहून थोडे जास्त. दोघांच्या पेन्सिली एकाच रेघेवर आल्या. मिस्त्रींनी करवत तिच्या हातात दिली. तिने ती त्यांना परत दिली.

रविवारी मैदानावर वारा नव्हता. बघायला पन्नासेक माणसे असतील, त्यात हॉटेलवाला पुढेच उभा. डॉक्टर सुनेच्या आधी उडाले. त्यांचे मशीन तरंगत राहिले ते जणू छताला टांगले असावे तसे. पिशवी टेकली तेव्हा घड्याळात पंधरा मिनिटे सात सेकंद झाले होते. त्यांनी आपलाच विक्रम मोडला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुनेनेही वाजवल्या.

तिने क्लबची बॅटरी लावली, पिशवी अडकवली, वर्तुळाच्या कडेला उभी राहिली. मिस्त्री तिच्या मागे चार पावलांवर होते. तिने अंगठ्याने हळूच जोर दिला. पाती फिरू लागली, लाकडाचा तो मऊ, जाड आवाज झाला, आणि हेलिकॉप्टर पिशवीसकट वर आले.

पहिली दहा मिनिटे तिला आठवतही नाहीत. बारा मिनिटांना मोटरचा आवाज होता तसाच होता. चौदा मिनिटांना नवऱ्याने वेळ सांगायला सुरुवात केली आणि त्याचा स्वतःचाच आवाज चिरकायला लागला. साडेचौदाला हेलिकॉप्टर किंचित खाली आले. तिने जेमतेम एक केस जास्त जोर दिला आणि ते सावरले. पंधरा मिनिटे झाली. पिशवी जमिनीपासून दोन फुटांवर होती आणि आवाज आता ओसरायला लागला होता. तिने ते हळूहळू खाली येऊ दिले, वितीवितीने, कारण बॅटरीशी भांडून उपयोग नसतो, तिच्याकडून गोडीगुलाबीने घ्यावे लागते. पंधरा मिनिटे पाच. सहा. सात.

"आठ," नवरा ओरडला, आणि पुढचे आकडे त्याला सांगताच आले नाहीत. ते सगळ्या मैदानाने मोजले. डॉक्टरसुद्धा मोजत होते. पिशवी गवतावर टेकली तेव्हा पंधरा मिनिटे एकवीस सेकंद झाले होते.

सुनेने रिमोट खाली ठेवला आणि वळून बघितले. मिस्त्री जागचे हलले नव्हते. दोन्ही हात त्यांनी समोर धरले होते, तळवे वर, जणू त्यात कुणीतरी काही ठेवले होते. ती चालत गेली आणि वाकून त्या हातांना नमस्कार केला. मिस्त्रींनी तिला उठवून जवळ घेतले आणि भर मैदानात ढसाढसा रडले, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटली नाही.

डॉक्टर हात मिळवायला आले. पाते हातात घेऊन, उलटसुलट करून ते मिस्त्रींना म्हणाले, "मला एक जोडी करून द्याल का? माझ्या मशीनला बसेल अशी?"

"देईन की," मिस्त्री म्हणाले. "पण लांबी कुठल्या पट्टीने मोजली ते आधी सांगायचं."

सोमवारी हॉटेलवाला आला, या खेपेस बिनटेम्पोचा. मिस्त्रींनी त्याला रिकाम्या हाताने पाठवले नाही. शब्द दिलेला होता. त्यांनी ती देखणी, चौदा मिनिटे छत्तीस सेकंदांची आखूड जोडी पुसून त्याच्या हातात ठेवली. भिंतीवर टांगा, वर दिवाही सोडा. हॉटेलवाल्याने खाली पाटीवर काय लिहू म्हणून विचारले.

"लिहा, सुनेच्या पट्टीने पाचशे ऐंशी," मिस्त्री म्हणाले. "आमच्या पट्टीची भिंतीवर टांगण्यासारखी नाही झाली अजून."

तो गेल्यावर त्यांनी सुनेकडे तिची स्टीलची पट्टी मागितली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीचे माप घेतले. पडदा आठवड्याने आला. दांडीवर चढवला तर तो थेट चौकटीच्या खालच्या कडेला टेकला, कुठे फट नाही, उजेड नाही. नवरा त्याच्याकडे जरा खिन्न होऊन बघत राहिला, कारण पाहुण्यांना सांगायला त्याच्याकडे आता काही उरले नव्हते.

स्टीलची पट्टी सुनेला परत मिळाली नाही. मिस्त्रींनी ती पेटीत आपल्या पट्टीच्या शेजारी ठेवली, डॉक्टरांच्या जोडीसाठी रंधा बाहेर काढला, आणि पेटीचे झाकण उघडेच राहू दिले.